सेंद्रिय (म्हणजे कार्बनी पदार्थांच्या) सौरघटात दोन पदार्थ का मिसळतात? एकटा वाहक पॉलिमर (वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक) का पुरत नाही?

एकट्या पॉलिमरचा घट चालतो, पण वीज अगदीच किरकोळ देतो. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो. पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, एकमेकांना घट्ट धरून बसतात. ही जोडी म्हणजे एक्सिटॉन. तो साधारण १० नॅनोमीटर सरकतो आणि विझतो. तेवढ्या अंतरात तो फुटला तरच वीज मिळते.

फोडायचं काम दुसरा पदार्थ करतो. पॉलिमरमधला इलेक्ट्रॉन फुलरीन (६० कार्बन अणूंचा गोल रेणू) क्षणार्धात ओढून घेतो, हे १९९२ मध्ये सारिचिफ्ची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वाहक पॉलिमरांसाठी २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या तिघांपैकी एक, तेच हे हीगर. पण दोन थर एकावर एक दिले तर फक्त सीमेलगतचेच एक्सिटॉन फुटतात. म्हणून १९९५ मध्ये दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून थर द्यायची युक्ती पुढे आली: आत जिकडेतिकडे सीमाच! या क्षेत्रातली मला सगळ्यात देखणी वाटणारी कल्पना हीच.

२०१९ मध्ये फुलरीनची जागा घेणारा वाय६ हा रेणू आला आणि कार्यक्षमता १५ टक्क्यांपुढे गेली. टिकाऊपणात मात्र हे घट सिलिकॉनच्या खूपच मागे आहेत. ऊन, ऑक्सिजन आणि ओलावा त्यांना खराब करतात. संशोधनाचा जोर आता तिथे हवा.