पीएचडी कायद्यातून की समाजशास्त्रातून?

तुम्ही विचारलंय की एलएलबीनंतर आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या समाजशास्त्रावर पीएचडी करायची आहे, तर कोणत्या विभागातून करू आणि पुढे नोकरी मिळेल का.

समाजशास्त्रातूनच करा. कायद्याच्या विभागाने मला दारातूनच परत पाठवलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

माझा विषय होता रवांडाच्या नरसंहाराचे खटले चाललेलं टांझानियातल्या अरुशाचं न्यायालय, आणि त्यातही तिथले दुभाषे. साक्षीदार किन्यारवांडात, म्हणजे रवांडाच्या भाषेत बोलायचा, एक दुभाषा त्याचं फ्रेंच करायचा आणि ते फ्रेंच ऐकून दुसरा इंग्रजी. कायदा विभागात पीएचडीच्या विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे हे मांडत होते, तर एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, यात कायदा कुठे आहे? हे तर भाषांतर झालं." तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. परतीच्या एसटीत उत्तर सुचलं.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात स्टेनो होते. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. एकदा बांधावरून झालेल्या मारामारीची केस होती. साक्षीला आलेली म्हातारी म्हणाली, "त्यानंच कुऱ्हाड घातली म्हणं." न्यायाधीश साहेबांनी टाइप करायला इंग्रजीत सांगितलं, त्याने कुऱ्हाडीने मारलं. वडिलांची बोटं टाइपरायटरवर थांबली. "साहेब, बाई 'म्हणं' म्हणाल्या." साहेबांनी पुन्हा विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः पाहिलं का?"

"म्या कुठली बघतीय, म्या दळण आणाया गेल्ते."

ऐकीव पुरावा आणि डोळ्यांनी पाहिलेलं यातला सगळा फरक त्या एका 'म्हणं'मध्ये होता. तो पकडला स्टेनोने.

आता अरुशाच्या न्यायालयाचा 2 सप्टेंबर 1998 चा अकायेसू निकाल घ्या. अकायेसू हा आरोपी, रवांडातल्या एका गावचा माजी महापौर. नरसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून कुणाला दोषी ठरवलं ते पहिल्यांदाच, आणि बलात्कारानेही नरसंहार घडवता येतो हे त्यातच मान्य झालं. एवढं सगळीकडे शिकवतात. त्याच निकालात न्यायाधीशांनी भाषातज्ज्ञाची साक्ष घेतली, बलात्कारासाठी साक्षीदारांनी वापरलेल्या किन्यारवांडा शब्दांची छाननी केली आणि लिहून ठेवलं, की मौखिक परंपरेतला माणूस पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच रीतीने सांगतो, म्हणून नेमकं काय पाहिलं ते खोदून विचारावं लागलं. ते मात्र कुणी शिकवत नाही. कायदा इथेच आहे, सर.

नोकरीचं म्हणाल तर एक अडचण आहे, आधीच सांगायला हवी होती. कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायला एलएलएम लागतं, समाजशास्त्र विभागात त्या विषयाचं एमए. नुसत्या एलएलबीवर पीएचडीचा विचार करू नका. माझं एमए होतं, एलएलएम नव्हतं, त्यामुळे निम्म्या जाहिराती माझ्या कामाच्या नव्हत्या. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, ज्या विषयाची द्याल त्याच विषयाच्या रांगेत उभे राहाल. गाइड मिळणं हे आणखी वेगळं दुखणं आहे.

फ्रेंच आजपासून सुरू करा. न्यायालय 2015 च्या अखेरीस बंद झालं, पण खटल्यांचं कामकाज इंटरनेटवर फुकट वाचता येतं, त्यासाठी अरुशाला जावं लागत नाही. निकालापासून सुरुवात करू नका. एकाच साक्षीचा फ्रेंच आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ओळीने वाचा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे पेन्सिलीची खूण करत जा.