जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने आपले तत्त्वज्ञान बुद्धाकडून घेतले, हे खरे आहे का?

आपण विचारलेले विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. पण माझ्या मते ते या स्वरूपात टिकत नाही आणि त्याविरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द शोपेनहाउअर आहे. त्याचा मुख्य ग्रंथ १८१८च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. फारसीवरून लॅटिनमध्ये आलेली उपनिषदे त्याने त्याआधीच वाचली होती, मात्र बौद्ध धर्माविषयी युरोपात तोवर तुटपुंजी माहितीच उपलब्ध होती. १८४४ मध्ये त्याच ग्रंथाचा दुसरा खंड काढताना त्याने स्वतःच नोंदवले, की बौद्ध मताशी आपले मत जुळते याचा आपल्याला आनंद आहे, परंतु मूळ मांडणी करताना आपण त्या मताच्या प्रभावाखाली नव्हतो. योगायोग असा, की ब्रिटिश अधिकारी हॉजसनने नेपाळमधून पाठवलेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या आधारे फ्रेंच संस्कृतज्ञ ब्यूर्नुफने लिहिलेला बौद्ध धर्माचा इतिहासही त्याच वर्षी पॅरिसमध्ये निघाला.

शिवाय हे साम्य वाटते तितके खोल नाही. शोपेनहाउअरच्या दृष्टीने आंधळी इच्छाशक्ती हे जगाचे मूलतत्त्व आहे. बुद्धाची तृष्णा मात्र वेदनेतून (सुखदुःखाच्या अनुभवातून) उद्भवते, म्हणजे ती प्रतीत्यसमुत्पादाच्या, एकातून दुसरे उपजणाऱ्या कारणांच्या, साखळीतील एक कडी आहे, आणि कारण नाहीसे झाले की तीही निरुद्ध होते, म्हणजे थांबते. तृष्णेला विश्वाचे अधिष्ठान मानणे हे बौद्ध विचाराच्या गाभ्यालाच बाधक ठरेल. दुर्दैवाने पुढे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेसकट अनेकांनी बुद्धाकडे शोपेनहाउअरच्या निराशावादाच्या चष्म्यातून पाहिले.

पाश्चात्त्य विचारावरील बुद्धाच्या प्रभावाबाबत ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटचे उदाहरण अधिक बोलके आहे. व्यक्तीची एकात्मता ही शरीर व मानसिक घटना यांपलीकडची वेगळी वस्तू नाही, हा निष्कर्ष त्याने १९८४च्या ग्रंथात कल्पित प्रसंगांच्या आधारे काढला आणि बुद्धालाही तो मान्य झाला असता असे म्हटले. ग्रंथाच्या परिशिष्टात तर त्याने बौद्ध वचनेच उद्धृत केली. तेव्हा इथेही बुद्ध येतो तो आधी काढलेल्या निष्कर्षाला दुजोरा देण्यासाठी.

खरा प्रभाव मला १९९१ मध्ये व्हारेला, थॉम्पसन आणि रॉश यांनी मनाच्या विज्ञानावर लिहिलेल्या ग्रंथात दिसतो. तिथे पंचस्कंधांचे (व्यक्ती ज्यांची बनते त्या पाच घटकांचे) विश्लेषण, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा माध्यमक म्हणजे मध्यममार्गी विचार आणि ध्यानातील निरीक्षण ही प्रत्यक्ष युक्तिवादाची साधने आहेत. ती काढून घेतली, तर ग्रंथाची मांडणीच उभी राहत नाही.