दिवेलागण चार वाजता

मागच्या अंकात मी उत्तर लंडनमधल्या केंटिश टाउनच्या माझ्या प्राथमिक शाळेविषयी दोन पानं लिहिली. सप्टेंबर १९५० ते मे १९५४, म्हणजे माझ्या सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत आम्ही तिथे होतो. बाबा एफआरसीएस, म्हणजे सर्जनांची परीक्षा, द्यायला गेले होते. ते दोनदा नापास झाले म्हणून मला जवळजवळ चार वर्षं मिळाली. लेखावर इतकी पत्रं आली की संपादकांनी हे पान माझ्या गळ्यात मारलं. ज्यांनी फक्त ‘तुमचं नशीब थोर’ एवढंच लिहिलंय, त्यांनी पहिलं उत्तर वाचावं.

युद्ध तर इंग्लंडनं जिंकलं होतं. मग पाच वर्षांनंतरही रेशन? थोडी अतिशयोक्ती नाही ना होत? – एक वाचक, ठाणे

जिंकलं, पण खिसा रिकामा करून. ऐन युद्धात पाव मोकळा मिळत होता आणि युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८, पावावर रेशन आलं, हे मला घरमालकीणबाई दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा पाव सुटला होता. चहा, साखर, लोणी, अंडी, चीज, मांस सगळं पुस्तकावर. मोठ्यांचं रेशनपुस्तक मातकट रंगाचं, माझं निळं. आई शाकाहारी. मांसाची कुपनं सोडून दिली की त्याबदल्यात जादा चीज मिळे, म्हणून तिनं नाव नोंदवलं. आता त्या चीजचं करायचं काय, हे तिला कोण सांगणार? पहिल्या दिवशी तिनं ते मोहरीच्या फोडणीत टाकलं. पातेलं दोन दिवस भिजत पडलं होतं.

मुलांना एकच तारीख पाठ होती: ५ फेब्रुवारी १९५३, गुरुवार. त्या दिवशी गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं. त्याआधी एकदा, १९४९ च्या एप्रिलमध्ये, उठवून पाहिलं होतं. लोक असे तुटून पडले की ऑगस्टमध्ये परत लावावं लागलं. त्यामुळे आम्हाला खात्री वाटेना. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पळालो, तर रांगेत आमच्यापुढे बाप्येच जास्त! माझ्याकडे तीन पेनीचं बारा बाजूंचं पितळी नाणं होतं. त्याचे मी लिकरिश घेतले, काळे दोरखंडासारखे. चव ज्येष्ठमधाच्या काढ्याची. ज्या वस्तूपासून मी पुण्यात पळत होते तीच पैसे देऊन विकत घेतली, हे कळल्यावर आई किती तरी वेळ हसत होती.

मांसावरचं रेशन सगळ्यात शेवटी, १९५४ च्या जुलैत उठलं. तेव्हा आम्ही पुण्यात होतो.

शाळेत काय शिकवायचे, कसं शिकवायचे? शिक्षा होती का? – निवृत्त शिक्षिका, सांगली

बाई, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

वर्गात चाळीसच्या वर मुलं. दोघांना मिळून एक बाक, बाकाला भोक, भोकात चिनी मातीची दौत. शाई भरायला एक मुलगा नेमलेला, दुधाच्या बाटल्या वाटायला दुसरा. टाक बुडवून लिहायचं. शिक्षा होती. मुलांना वेताची छडी किंवा कॅनव्हासच्या बुटाचा तळ, मुलींना बहुधा पट्टी. मला दोनदा पट्टी बसली. एकदा कारण रास्त होतं, दुसऱ्यांदा गणितामुळे.

त्यांचे पाढे बारापर्यंतच, कारण बारा पेन्सचा शिलिंग. पुढे वीस शिलिंगांचा पौंड. (आपल्याकडे बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा आपण हसायचं कारण नाही.) सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा, तो सूर मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. पण घरी आईची परवचा होती. दिवेलागणीला शुभंकरोति आणि पाढे, हा तिचा नियम, आणि लंडनला डिसेंबरात दिवेलागण होते दुपारी चारला! शाळेतून येऊन कोट काढेपर्यंत अंधार. मग गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकायचा, शेगडी पेटवायची आणि तिच्यापुढे बसून तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. खाली घरमालकीणबाईंना वाटायचं आम्ही प्रार्थना म्हणतोय. तेही खोटं नव्हतं म्हणा.

तर एकदा वर्गात गणित आलं: अडीच पेन्सला एक बन, तर सात बनचे किती? मी हात वर केला. सात अडीच साडेसतरा, म्हणजे एक शिलिंग साडेपाच पेन्स. बाकीच्यांच्या टाकाला शाई लागायच्या आत. मिसनं रीत दाखव म्हटलं. मला कुठली रीत येतेय? मी अडीचकी म्हणून दाखवली, मराठीत, पूर्ण. मिसला वाटलं मी तिची टिंगल करतेय. पट्टी. दुसऱ्या दिवशी बाबा तिला भेटून आले, आणि तिनं काय करावं? वर्गापुढे उभं करून मला पुन्हा अडीचकी म्हणायला लावली. ती ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मिसनं माफी मागितली नाही, पण त्या वर्षी माझी शाई कधी संपू दिली नाही.

आता दूध. १९४६ पासून प्रत्येक मुलाला रोज फुकट दुधाची छोटी बाटली मिळे, एक तृतीयांश पाइंटची, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर. हिवाळ्यात दूध गोठून साय झाकण वर ढकलायची, म्हणून क्रेट वाफेच्या पाइपाजवळ ठेवत. अकरा वाजेपर्यंत दूध कोमट, किंचित आंबूस. ते संपवल्याशिवाय मैदानात सोडत नसत. १९७१ मध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं दूध बंद केलं, तेव्हा त्यांच्यावर देशभर टीका झाली. मला सात वर्षांची असताना विचारलं असतं तर मी त्यांचा पुतळा उभारला असता.

आणि जेवण. उकडलेला कोबी, उकडून उकडून पांढरा पडलेला. पण शेवटी कधीकधी टॅपिओका पुडिंग. मुलं त्याला ‘बेडकाची अंडी’ म्हणायची आणि ओकल्यासारखं करायची. मी पाहिलं, तर साबुदाण्याची खीर! वेलदोडा नाही, तूप नाही, मध्ये जॅमचा लाल ठिपका, पण खीर. मी माझी खाल्ली, शेजारणीची खाल्ली, पलीकडच्या बाकावरच्या दोघांची खाल्ली. आमच्याकडे ही देवासाठी खातात, असं सांगितल्यावर एकानं गंभीरपणे विचारलं, ‘तुमचा देव बेडूक आहे?’

तुम्हाला वर्णद्वेष सोसावा लागला का? खरं सांगा. – एक वाचक, औरंगाबाद

हो. मोठ्यांकडून जास्त. खोली भाड्यानं देण्याच्या पाट्या दुकानांच्या काचेत लागायच्या, त्यांतल्या किती तरींवर ‘नो कलर्ड’ असं सरळ छापील अक्षरांत. आम्ही यायच्या आधी बाबा तीन आठवडे अशा काचा वाचत फिरले. शाळेत मुलं माझा हात घासून बघायची, रंग निघतो का. एक मुलगा रोज एक शब्द म्हणायचा, तो मी इथे लिहीत नाही. तो मला नंतर कधी आवडला नाही, आणि मोठेपणी मी त्याला माफ केलं वगैरे काही झालं नाही.

जागा मिळाली ती देवळालीमुळे. घरमालकीणबाईंचे कैलासवासी यजमान फौजेत असताना नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत होते. बाबांनी सहज सांगितलं की बायकोचं माहेर नाशिक. दार उघडलं. वरच्या दोन खोल्या, संडास मागच्या अंगणात, आंघोळ शनिवारी सार्वजनिक स्नानगृहात.

पण पुढची गंमत ऐका. बाई शेजारणीविषयी बोलताना म्हणाल्या, ‘ती पार डूलाली आहे.’ आईला आधी वाटलं, शेजारीण देवळालीची! ओटी भरायला निघाली. मग कळलं की इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर देवळालीत महिनोन् महिने पडून राहायचे आणि भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून हा शब्द. त्याचं जुनं रूप तर ‘डूलाली टॅप’, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आईनं चार दिवस बाईंशी अबोला धरला. तिच्या माहेराजवळचं गाव म्हणजे काय येरवडा आहे?

खेळायचात कुठे? मैदानं होती? – इयत्ता नववी, नाशिक

पार्लमेंट हिलची टेकडी जवळ होती, तिथे रविवारी. रोजचं मैदान म्हणजे गल्लीच्या टोकाची बॉम्ब पडलेली जागा. तीन घरं नाहीशी झाली होती. चौथ्याच्या भिंतीवर, वर अधांतरी, एक शेगडीची चौकट आणि तिच्याभोवती निळ्या फुलांचा भिंतीवरचा कागद तसाच चिकटलेला. खाली विटांमधून उन्हाळ्यात जांभळट गुलाबी तुऱ्यांचं रान माजायचं. आईची तिथे जायला सक्त मनाई, म्हणून आम्ही तिथेच.

शरद ऋतूत कॉंकर्स. हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी बियांना भोक पाडून दोरीत ओवायचं आणि एकमेकांच्या बीवर हाणायचं. फुटेल तो हरला. बी टणक व्हावी म्हणून मुलं चोरून व्हिनेगरमध्ये मुरवायची. मी घरून आलेल्या चिंचेच्या कोळात मुरवली. पहिल्याच फटक्यात फुटली.

आमच्या घरमालकीणबाईंची नात माझी मैत्रीण. एकदा टिकरी खेळताना तिनं वरच्या शेगडीकडे बोट केलं. ‘ती माझ्या मावशीची खोली. ती तेव्हा घरातच होती.’ मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘तुझा डाव.’ मी लंगडी घातली आणि रेषेवर पाय पडला.

दिल्लीत राहतो. १९५२ च्या लंडनच्या धुरक्याविषयी वाचलंय. आमच्यासारखंच होतं का? – एक वाचक, नवी दिल्ली

तुमचं मी टीव्हीवर पाहते, आमचं चाखलंय. शुक्रवार ५ डिसेंबर ते मंगळवार ९ डिसेंबर. घराघरांत कोळसा जळत होता, वारा अजिबात नव्हता. धुकं पिवळट, जिभेवर जुन्या नाण्याची चव. कुंपणाचे गज मोजत मी शाळेतून आले. बेचाळिसावा गज म्हणजे आमचं फाटक. बससमोर कंडक्टर कंदील घेऊन पायी चालायचा, पुढे तर बसच थांबल्या. नाक पुसलं की रुमाल काळा. बाबा दोन रात्री घरी आले नाहीत, आले तेव्हा न जेवता झोपले. ते कशासाठी थांबले होते ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं: त्या धुरक्यानं आधी चार हजार माणसं गेल्याचा हिशेब होता, नंतरचे अभ्यासक बारा हजारांपर्यंत सांगतात. हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा १९५६ मध्ये झाला.

राणीला पाहिलंत का? – बऱ्याच जणी

नाही. २ जून १९५३ ला राज्याभिषेक शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला; पडदे ओढलेले, वीस माणसं, वीतभर पडदा, बाहेर पाऊस. राणी अंगठ्याएवढी दिसली. त्याच सकाळी एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली होती, त्यामुळे पुढे आठवडाभर शाळेत मी तेनसिंगची नातेवाईक होते. मी नाही म्हटलं नाही.

परत आल्यावर इथे जुळवून घेणं जड गेलं का? – एक वाचक, कोल्हापूर

जुलैत आषाढी एकादशी आली. आजीनं साबुदाण्याची खीर केली, वेलदोडा घालून, वर केशर. मी वाटी पाहिली आणि तोंडातून गेलं, ‘बेडकाची अंडी!’ आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण हे मी मराठीत बोलले होते. तिनं वाटी उचलली आणि मला विठ्ठलाच्या तसबिरीसमोर नेऊन बसवलं, तीसपर्यंत पाढे म्हणायला. दिवेलागण व्हायला अजून सहा तास होते.