जुनं ओक घासू नका, आणि त्या दिव्याला चिंच लावू नका

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या पासाडिनात १९१२ चा क्राफ्ट्समन (हस्तकामाला महत्त्व देणाऱ्या अमेरिकी शैलीतला) बंगला घेतलाय, सोबत त्याच काळातलं ओकचं फर्निचर आणि ठोक्याच्या तांब्याचा, अभ्रकाच्या शेडचा दिवा मिळालाय. लाकूड काळपट, चिकट दिसतं. घासून नवं पॉलिश करावं का? आणि घरून आणलेली समई, घंगाळ, पितळी डबे कुठे मांडावेत?

घासू नका. पॉलिश पेपर हातातही घेऊ नका. त्या काळातलं चांगलं ओक बऱ्याचदा अमोनियाची वाफ देऊन तपकिरी केलेलं असतं. बंद खोलीत किंवा पेटीत कडक अमोनियाची ताटं ठेवली की ओकमधल्या टॅनिनशी वाफेची क्रिया होऊन लाकूडच गडद होतं. पण हा रंग फार खोल जात नाही. घासलं की आधी कडा आणि खुर्चीचे हात उघडे पडतात, मग मधे फिकट चट्टे येतात, आणि वरून कुठलाही स्टेन (लाकूड रंगवायचं द्रावण) लावा, ते जुळत नाहीत. शिवाय ड्रॉवरच्या आत, पायाच्या मागच्या बाजूला नीट बघा. या शैलीचा नामवंत फर्निचरकार गुस्ताव स्टिकली याच्या कारखान्याचा कंपासचा छाप तिथे असू शकतो. तो पुसला गेला की वस्तूची ओळखच गेली.

काळपटपणा बहुधा लाकडाचा नसतोच. जुनं मेण, धूर, हाताचं तेल यांचा थर असतो. आधी वरचं फिनिश ओळखा. न दिसणाऱ्या जागी डिनेचर्ड अल्कोहोलचा कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर शेलॅक, म्हणजे आपल्या सुतारांचा चपडा. काहीच झालं नाही तर लॅकर थिनरनं तीच चाचणी. तेव्हा विरघळलं तर लॅकर, नाही तर बहुधा वार्निश.

सफाईला मिनरल स्पिरिट (पेट्रोलियमपासूनचं थिनर) वापरा. इथे नावामुळे मोठी चूक होते: आपण पॉलिशवाल्याकडचं 'स्पिरिट' म्हणतो ते अल्कोहोल, आणि ते शेलॅक विरघळवतं. मिनरल स्पिरिट विरघळवत नाही, फक्त मेण आणि मळ काढतं. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको, जुना सुती कपडा ओलसर करून हातभर भाग पुसा, कपडा काळा झाला की बदला. रात्रभर वाळू द्या. मग पेस्ट वॅक्सचा अगदी पातळ हात, १५-२० मिनिटांनी कोरड्या कपड्यानं चोळा. जवसाचं तेल नको, ते काळवंडतं आणि धूळ धरतं. सिलिकॉनचे स्प्रेही नकोत. पुढे कधी नवं फिनिश द्यायचं झालं तर त्यावर खड्डे पडतात.

दारं-चौकटींवर पांढरा रंग असेल तर खरवडण्याआधी शिशाची तपासणी करा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात ते असणारच असं धरून चाला. कोरडं घासणं नाही, हीट गन नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम परवानाधारक माणसाकडेच द्या.

दिव्याचा तपकिरी रंग हा डाग नव्हे, कारागिरानं मुद्दाम आणलेली छटा आहे. समई चिंच-मिठानं खुशाल लखलखीत करा. तेच या तांब्यावर केलंत तर ती छटा एका धुण्यात जाईल. मऊ ब्रशनं धूळ, बस. आत गार राहणारा एलईडी, २७०० केल्विनचा. अभ्रकाचे पापुद्रे लाखेनं जोडलेले असतात, उष्णतेनं शेड वाकते.

मांडणीत हात आखडता घ्या. गडद ओकशेजारी पितळ सुंदर दिसतं, पण डबे तीन-चारच बाहेर ठेवा, बाकीचे फेरपालटीनं. घंगाळ शेकोटीशेजारी शोभेल. पैठणी किंवा जुनं भरतकाम पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका. रंग उडतो तो परत येत नाही. चित्रांसाठी पिक्चर रेल (भिंतीवर उंचावर बसवलेली लाकडी पट्टी) असेल तर तिच्यावरच आकडे अडकवा, प्लास्टरला खिळे नकोत.

कॅलिफोर्निया आहे, भूकंप धरूनच मांडा. पुस्तकांचं कपाट भिंतीतल्या लाकडी खांबांना पट्टीनं बांधा. प्लेट रेलवरच्या, म्हणजे भिंतीवरच्या अरुंद फळीवर मांडलेल्या, प्रत्येक बशीखाली म्युझियम वॅक्सच्या (वस्तू जागी धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाच्या) वाटाण्याएवढ्या तीन गोळ्या दाबा. लाकडावर आधी एका कोपऱ्यात लावून डाग पडत नाही ना ते बघा, आणि काढताना बशी सरळ उचलू नका; हलकेच फिरवा, मग सुटते.