पायाची जखम भरतच नाहीये, मलम कुठलं लावू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, बाबांना (वय 63) बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. तळव्याला अंगठ्याखाली जखम झालीये, पाच महिने झाले भरत नाही. आई रोज डेटॉल नाहीतर त्या फेस येणाऱ्या पेरॉक्साइडने धुते, हळद भरते, रात्री वारा लागावा म्हणून उघडी ठेवते. दुखत अजिबात नाही, त्यामुळे बाबा रोज शेतात चक्कर मारतात. तीन मलमं बदलली, एखादं चांगलं सुचवाल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मलमाचं नंतर बघू, आधी बाबांना घरी बसवा. दुखत नाही म्हणून तुम्ही सगळे निवांत आहात पण एवढी जखम खरं तर दुखायलाच हवी होती, शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्यात म्हणून कळत नाहीये. पाऊल टाकलं की वजन नेमकं त्याच जागी येतं आणि जे काही नवीन मांस धरलेलं असतं ते शेतात जाऊन येईपर्यंत चेचून निघतं. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांचं हेच व्हायचं, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन त्यांच्या पायाला प्लास्टर घालायचे, जखमेवरचा भार गेला की ती भरायची. तेच प्लास्टर आज शुगरवाल्यांनाही घालतात. त्याआधी पायाचा रक्तपुरवठा बघावा लागतो, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का त्यासाठी एक्स-रे लागतो, त्यामुळे या आठवड्यातच सर्जनकडे न्या. जखमेच्या कडेचा घट्टाही तेच काढतील, घरी ब्लेड लावायचं नाही. एमसीआर चप्पल (बधिर पायांसाठीची मऊ रबराची) चांगली, पण ती मुख्यतः जखम भरल्यावरची. चप्पल घेतली म्हणजे शेतात जायला मोकळे असं नाही (बाबा हेच म्हणणार बघा).

आता आईसाठी. डेटॉल, पेरॉक्साइड बंद, जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात त्याने. हळद भाजीत राहू दे. गरम पाण्यात पाय बुडवणं तर अजिबात नको, भाजलेलंसुद्धा कळणार नाही त्यांना. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) मिळतं, साबणाने हात धुवून त्याने जखम धुवा, आजूबाजूची कातडी टिपून कोरडी करा आणि झाकून ठेवा. गॉज चिकटलं असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून सोडवा. उघडी ठेवली की लवकर सुकते हा समज जुना आहे, जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्येच डुकरांवर दाखवलं होतं की झाकलेली, ओलसर जखम लवकर भरते. ओलसर म्हणजे चिखल नव्हे हं, पाणी जास्त सुटत असेल तर शोषून घेणारं ड्रेसिंग लागतं, ते सर्जनच सांगतील.

दर आठवड्याला शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर आहे तीच ट्रीटमेंट ओढत बसू नका, परत दाखवा. तंबाखू असेल तर तीही बंद, शुगर तर आटोक्यात हवीच.

आणि लाली पसरायला लागली, वास आला, पू आला, कातडी काळी पडली, ताप आला किंवा शुगर अचानक वर गेली तर उद्या बघू म्हणू नका, रात्रीचे अकरा वाजले असले तरी हॉस्पिटलला न्या.