आजी न्हाणीत पडून खुबा मोडलाय. हाडवैद्य पट्टी बांधू म्हणतो. या वयात ऑपरेशन करावं का?

हो, ऑपरेशनच करा, आणि शक्यतो ४८ तासांच्या आत. खुब्याचं हाड बाहेरच्या पट्टीनं जागेवर राहत नाही. मोडलेला पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तो तसाच राहतो. त्याहून मोठा धोका अंथरुणाचा: पाठीला जखमा, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं, आणि उशीर झाला की धोका वाढतो.

तेल लावून चोळू नका, पाय ओढू देऊ नका. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल तिथं न्या. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

आजी आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या असतील किंवा हृदय फार कमकुवत असेल, तर मात्र भूलतज्ज्ञांचं ऐका. नुसतं वय जास्त आहे म्हणून थांबू नका.