डी अँड आय शिकवायचंय? पहिला शनिवार वर्गात घालवू नका

मॅडम, तुम्ही विचारलंय की एमबीए सेकंड इयर एचआरच्या ३० मुलांना पुढे कंपनीत डायव्हर्सिटी-इन्क्लूजनचं (डी अँड आय, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या माणसांना नोकरीत घेऊन सामावून घेण्याचं) काम स्वतः चालवता यावं असं ट्रेनिंग द्यायचंय, हातात पाचच शनिवार आहेत, तर काय घेऊ. मी पुण्यात १७ वर्षं एचआरमध्ये आहे आणि गेली काही वर्षं गेस्ट लेक्चरच्या नावाखाली हेच करतेय. त्यातली पहिली दोन वर्षं अनकॉन्शस बायसच्या, म्हणजे नकळत मनात असलेल्या पूर्वग्रहांच्या, स्लाइड दाखवण्यात वाया घालवली. पोरं माना डोलवतात, क्विझमध्ये पैकीच्या पैकी घेतात आणि जॉइन झाल्यावर वाट्याला येतात ८ मार्चचे गुलाब आणि जांभळे फुगे. कारण खरं काम अ‍ॅडमिन, ट्रान्सपोर्ट, आयटी यांच्याकडून करून घ्यायचं असतं, आणि हातात कसलाच अधिकार नसताना ते कसं करून घ्यायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या शनिवारी त्यांच्या हातात मेजरिंग टेप द्या आणि बिल्डिंगमध्ये सोडा. मी एकदा सहा जणांना एका ऑफिसात नेलं होतं (कुठलं ते राहू दे). रॅम्प होता, चकचकीत ग्रॅनाइटचा, पावसाळ्यात धडधाकट माणूसपण घसरेल असा, आणि वर जिथे संपतो तिथे शोभेच्या दोन कुंड्या. दिव्यांगांसाठीच्या टॉयलेटला कुलूप, चावी हाउसकीपिंगच्या मावशींकडे, उघडलं तर आत मॉप, बादल्या आणि दिवाळी गिफ्टचे उरलेले खोके. एका मुलीने दाराला टेप लावला, २८ इंच. सरकारी गाइडलाइनप्रमाणे निदान ९० सेंटिमीटर पाहिजे, म्हणजे ३५ इंच. पोरांनी त्या रात्री अ‍ॅडमिनला इन्क्लुझिव्ह कल्चर वगैरे घालून दीड पानी मेल लिहिला, अर्थातच उत्तर नाही. मग मी म्हटलं तीन ओळी लिहा, फोटो लावा, आणि खोके कुठे ठेवता येतील ती जागा तुम्हीच शोधून द्या. जिन्याखालची जागा सुचवली, दोन दिवसांत टॉयलेट रिकामं. दार अजून २८ इंचच आहे म्हणे, पण त्या सहा जणांना जे कळलं ते माझ्या दोन वर्षांच्या स्लाइडमधून कोणाला कळलं नव्हतं.

कायदा मात्र नीट घ्या, तिथे गोलमाल नको. २०१३ चा पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रारी ऐकणारी इंटर्नल कमिटी, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका, एक मेंबर बाहेरचा, तीन महिन्यांत तक्रार (कारण असेल तर मुदत वाढते), ९० दिवसांत चौकशी. हे पाठ होतं हो, पण मॉक चौकशी घ्या म्हणजे बघा, दहाव्या मिनिटाला कमिटीतलं कोणीतरी तक्रारदार मुलीला विचारतंच, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" तिथे थांबवायचं आणि बोलायचं, त्या एका वाक्यावर अर्धा तास सहज जातो. केस काल्पनिक घ्या, कॉलेजातली तर अजिबात नको.

दिव्यांगांचा २०१६ चा कायदा घेताना २१ प्रकारांची यादी वाचायला लावा, त्यात सिकल सेल आहे, थॅलेसेमिया आहे (दोन्ही रक्ताचे आजार), शिकण्यातल्या अडचणी आहेत. गडचिरोली-नंदुरबारकडची मुलं वर्गात असतील तर सिकल सेल त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो. दिव्यांग म्हणजे फक्त व्हीलचेअर हे डोक्यातून जायला ती यादी पुरते.

आकड्यांसाठी बीआरएसआर रिपोर्ट वापरा, म्हणजे शेअर बाजाराची नियामक सेबी कंपन्यांना दरवर्षी पर्यावरण, कर्मचारी वगैरेंबद्दल द्यायला लावते ते, वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचे आहेत आणि फुकट मिळतात. बायका किती यापेक्षा पॅरेंटल लीव्हवरून (बाळासाठीच्या रजेवरून) परत किती आल्या आणि वर्षभर टिकल्या किती, तो तक्ता बघायला लावा. भरतीचे फोटो सगळेच टाकतात. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकरी दिली, देशभर कौतुक झालं, आणि काही जणींनी लगेचच सोडली, कारण शहरात कोणी भाड्याने खोली देईना. पोरांना विचारा, तुम्ही तिथे एचआरला असता तर ऑफर लेटरच्या आधी कोणाला फोन केला असता? इथे बरीचशी गप्प होतात.

आता जात. हा विषय टाळू नका, पण कोणालाही उभं करून "तुझा अनुभव सांग" म्हणू नका, आपल्याकडे अ‍ॅडमिशनच्या यादीत कॅटेगरी छापून आलेली असते, पोरांना एकमेकांचं सगळं माहीत असतं. मी नोकरीच्या जाहिराती वाटते. "फ्लुएंट इंग्लिश, स्वतःची टू-व्हीलर, रेफरन्सला प्राधान्य." प्रत्येक शब्दाला कोण गळतं ते लिहा म्हणते. नांदेडकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी आहे, पण ती गावी भाऊ चालवतो." रेफरन्सवर तर कोण कोणाच्या ओळखीने आत येतं, आडनावं कशी सारखी निघतात, हे पोरंच बोलायला लागतात, तुम्ही फक्त फळ्यावर लिहीत राहा.

शेवटच्या शनिवारी प्रेझेंटेशन नको. प्रत्येक टीमने अ‍ॅडमिन किंवा फायनान्सच्या खऱ्या माणसासमोर बसून एकच मागणी मांडायची, खर्चासकट. कॉलेजचे अकाउंटंट काका मिळाले तर उत्तम, ते आपसूकच नाही म्हणतात. माझ्याकडच्या जाहिराती आणि मॉक केस पाहिजे असेल तर सांगा, पाठवते.